वाक जरा

गेल्या जूनमध्ये भाचीच्या प्रवेशासाठी दोन दिवसांची रजा टाकून गावी गेले होते. भावाच्या रानात हळदीची लागण चालू होती, वहिनीला कागदपत्रांची धास्ती, तेव्हा 'तू त्याच कॉलेजात शिकलीयस, तूच जा' असं सर्वानुमते ठरलं. कॉलेज खरंच तेच. पाऊस आदल्या रात्रीच सुरू झालेला. कार्यालयासमोरच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्या, ओल्या ओढण्या, प्लॅस्टिकच्या फायली आणि आत कुठंतरी उकळत असलेल्या चहाचा वास, असा सगळा दमट कोंदटपणा. तीन खिडक्या. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती व दाखले. पाट्या नव्या, फ्लेक्सच्या, खिडक्या जुन्या. आमच्या वेळी जाळी होती, आता जाड काच बसवलीय. पण काचेच्या तळाशी अर्धचंद्रासारखं जे भोक पाडलंय, ते जाळीतल्या भोकाच्याच जागी. म्हणजे साधारण माझ्या पोटाच्या उंचीवर.

भाची ताठ उभी राहून काचेशी बोलली. "सर, एबीसी आयडी फॉर्मवर लिहायचा का नुसता ऑनलाइन टाकायचा?" आतल्या पोरसवदा क्लार्कनं कानाला हात लावून ऐकू येत नसल्याची खूण केली. तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. क्लार्कनं बोटानं खालचं भोक दाखवलं. हिला कळेना. आणि मी मागून म्हटलं, "वाक जरा." नुसतं म्हटलं नाही, वाकून दाखवलं. डावा हात खिडकीच्या कट्ट्यावर, मान थोडी उजवीकडे, तोंड बरोबर भोकाशी. भाचीचा प्रश्न मीच विचारला आणि सरळ झाले. दोन मिनिटांत काम झालं.

परत येताना स्कूटीवर मागं बसून तिनं विचारलं, "आत्या, तू न बघता बरोब्बर तेवढीच कशी वाकलीस गं?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण पुण्याला परत आल्यावरही ते वाक्य पाठ सोडेना. तेवीस वर्षांत त्या खिडकीशी माझा काही संबंध आला नव्हता. तीन वर्षांत जे पाठ केलं, त्यातलं आज काय आठवतं, असं प्रामाणिकपणे विचारलं तर फारसं काही हाती लागत नाही. दोन-चार व्याख्या, एका कवितेच्या दीड ओळी. आणि खिडकीची उंची मात्र पाठीच्या कण्याला अजून माहीत आहे.

मी तिथं होते ती वर्षं १९९९ ते २००२. कॉलेज म्हणजे दोन मजली दगडी इमारत, मागं पत्र्याचे चार वर्ग, समोर गुलमोहराची तीन झाडं आणि तासाच्या घंटेऐवजी टांगलेला रुळाचा तुकडा. एसटीनं येणारी मुलं जास्त. सकाळी सव्वासातच्या तासाला पोचायचं तर पावणेसहाची गाडी धरावी लागे. ती चुकली की पुढची आठला, म्हणजे दोन तास बुडाले. हजेरी पंचाहत्तर टक्के हवी आणि एसटीचं वेळापत्रक प्राचार्यांच्या हाती नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दर सत्राच्या शेवटी ज्यांची टर्म नामंजूर व्हायची शक्यता आहे त्यांची यादी लागायचीच, आणि त्या यादीत पूर्वेकडच्या तीन गावांची मुलं हमखास असायची. एकाच गाडीची मुलं. यादी लावणाऱ्याला ते कधी दिसलं नसेल असं नाही. पण यादीत आडनावानं क्रम लावतात, गावानं नाही.

ही यादी जिथं लागायची त्या फलकाला जाळी होती आणि जाळीला कुलूप. तिथंच मला एका वेगळ्या मराठीची ओळख झाली. 'सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की.' कोण कळवतंय, ते नाही. 'शुल्क न भरल्यास अर्ज स्वीकारला जाणार नाही. नोंद घ्यावी. सबब चालणार नाही.' आमच्या मराठीच्या सरांनी प्रयोग शिकवताना कर्तरी, कर्मणी, भावे असं फळ्यावर लिहिलं, तेव्हा मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं होतं, "सर, नोटिशीत कर्ता का नसतो?" सर हसले, म्हणाले, असतो, पण तो केबिनमध्ये असतो. वर्ग हसला आणि तास पुढं गेला. पुढं मी नोकरीत अशी शेकडो पत्रं लिहिली, 'आपणास कळविण्यात येते की'. बोटं आपोआप टाइप करतात.

खिडकीचं सोडा, खरं वाकणं दुसरीकडं होतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असायचं आणि किल्ली शिपाईमामांकडं. मामा भला माणूस. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीनं, भर व्हरांड्यात, मुलांच्या घोळक्यातून जाऊन, वडिलांच्या वयाच्या माणसाकडं ती किल्ली मागायची, याला काय लागतं ते ज्यांनी मागितली त्यांनाच कळेल. आम्ही त्यावर उपाय शोधला होता: पाणी प्यायचं नाही. सकाळी घरून निघताना चहा अर्धा कप. दुपारी दीडला एसटीत बसेपर्यंत घोटभरही नाही. उन्हाळ्यात डोकं दुखायचं, लघवीला जळजळ व्हायची, आणि आई म्हणायची, उष्णता झालीय, सब्जा घे. माझी एक मैत्रीण दुसऱ्या वर्षी याच त्रासानं पंधरा दिवस घरी होती. तिची हजेरी त्यामुळं घसरली आणि ती त्या फलकावरच्या यादीत आली. ती पंधरा दिवस कशामुळं घरी होती, हे अर्जात लिहिताना तिनं 'ताप' असं लिहिलं. किल्ली, पाणी, ताप, यादी. यातली पहिली आणि शेवटची गोष्ट एकमेकींना जोडून पाहणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. आम्हीसुद्धा नव्हतो. आम्हाला ते आपल्या नाजूक प्रकृतीचं वाटायचं.

शेवटच्या वर्षी नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा ठरवून देणाऱ्या संस्थेची, कमिटी येणार म्हणून महिनाभर धामधूम होती. भिंतींना रंग, गुलमोहरांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, नर्सरीतून भाड्यानं आणलेल्या कुंड्या, व्हरांड्यात 'तक्रार व सूचना पेटी' अशी नवी लाकडी पेटी. आणि स्वच्छतागृहाचं कुलूप निघालं! नळाला पाणी, आरशाला काच, कोपऱ्यात फिनेलची बाटली. कमिटी होती तेवढे दिवस आम्ही पोटभर पाणी प्यायलो. हसतच प्यायलो, कारण ती एक मजाच होती. कुंड्या परत गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी कुलूप परत आलं. पेटी मात्र राहिली. तिच्यात आमच्यातल्या कुणीतरी चिठ्ठी टाकली होती, म्हणतात. पण पेटीलाही कुलूप होतं आणि त्याची किल्ली कुणाकडं ते मामांनाही ठाऊक नव्हतं.

तक्रार करायची तर वर्गप्रतिनिधी कुठं होता, असं कुणी विचारेल. होती की. मीच होते. राज्यात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर कॉलेजांतल्या थेट निवडणुका बंद झाल्या होत्या आणि आदल्या वर्षी ज्याला सर्वांत जास्त गुण तो प्रतिनिधी, अशी पद्धत आली होती. एकही मत न पडता मी निवडून आले. ज्या मुलीला किल्ली मागायची लाज वाटते तिला गुणवत्तेच्या जोरावर दीडशे मुलांचं तोंड केलं गेलं. वर्षभरात मी दोन कामं केली: सहलीच्या पैशांची यादी आणि निरोप समारंभाचे हार. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुका कागदावर परत आल्या. भाचीचा थोरला भाऊ नुकताच पदवीधर झाला, त्यानं कॉलेजात मतपेटी काही पाहिली नाही.

हे सगळं लिहिताना जाणवतंय की मी त्या जागेवर फार चिडून लिहितेय. तशी मी चिडलेली नाही. त्या गुलमोहराखाली मी जेवढी हसले तेवढी नंतर कुठं हसले नाही. कँटीनच्या उधारीच्या वहीत माझं नाव 'भाकरीवाली' असं होतं, कारण मी घरची भाकरी आणून त्याच्याकडून नुसता रस्सा घ्यायची. तो रस्स्याचे पैसे लावायचा आणि कांदा-लिंबू फुकट द्यायचा. आणि ती खिडकी मी आतूनही पाहिली आहे.

दुसऱ्या वर्षी मला 'कमवा आणि शिका' योजनेत काम मिळालं. आमच्या भागात ही योजना म्हणजे नुसता सरकारी कागद नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, पुढं १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. काम करून शिकायचं ही गोष्ट तिथं भीक किंवा दया म्हणून बघितली गेली नाही. त्या पिढीतली माणसं हातावरचे घट्टे दाखवून सांगायची की मी अमुक साली बी.ए. झालो. आमच्या कॉलेजात मुलांना बाग आणि मैदानाचं काम देत, मुलींना ग्रंथालय किंवा कार्यालय. मला कार्यालय मिळालं. रोज दोन तास परीक्षेचे अर्ज क्रमानं लावायचे, फोटो डिंकानं चिकटवायचे, पाकिटांवर पत्ते घालायचे. डिंकाचा, कार्बनचा आणि सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास. पहिल्या दिवशी मी सवयीनं खिडकीशी जाऊन उभी राहिले, तर हेडक्लार्क भाऊसाहेब म्हणाले, "अगं, दारातनं ये. आता तू आतली."

आतून खिडकीतून माणूस दिसत नाही. दिसतो तो शर्टाच्या तिसऱ्या बटणापासून पट्ट्यापर्यंतचा तुकडा. मग तो तुकडा खाली येतो. आधी केस, मग कपाळ, मग आडवा झालेला चेहरा, निम्मा सावलीत. आणि हात. हात मात्र पूर्ण दिसतात, कारण कागद आत सरकवावा लागतो. भाऊसाहेबांचं टेबल भिंतीला लावलेलं होतं आणि खिडकीचा कट्टा टेबलाच्या अगदी पातळीत. मी एकदा त्यांना विचारलंच, खिडकी एवढी खाली का? त्यांना प्रश्नच कळला नाही. "मी बसून काम करतो की," ते म्हणाले. एवढंच. कुणी कुणाचा अपमान करायचा म्हणून ती तिथं ठेवली नव्हती. गवंड्यानं टेबलाची उंची मोजली होती. समोर उभं राहणाऱ्याची मोजायला कुणी सांगितलं नव्हतं.

भाऊसाहेब पोरांना हातांवरून ओळखायचे. ही अतिशयोक्ती नाही. उन्हाळी परीक्षेचे अर्ज भरायचे दिवस आणि आमच्याकडं हळद शिजवायचे, पॉलिश करायचे दिवस एकच. निम्म्या पोरांची नखं पिवळी. ऊसतोडीचा हंगामही तोच, तेव्हा काहींच्या मनगटावर पाल्याचे बारीक चरे. एखादीच्या हातावर ताजी मेंदी आणि हिरवा चुडा दिसला की भाऊसाहेब मान वर न करताच म्हणायचे, "नाव बदलायचं का तेच ठेवायचं? तेच ठेव, मार्कलिस्टला ताप होतो." शेवटची तारीख संपल्यावर येणारे हात वेगळेच असत, कागद सरकवताना जरा थबकणारे. भाऊसाहेबांकडं दिनांकाचा शिक्का होता, रबरी पट्टे फिरवायचा. पिवळी नखं दिसली की ते अंगठ्यानं तारखेचा पट्टा एक घर मागं फिरवत. टप्. कालची तारीख. विलंब शुल्क वाचलं. पोरगं काही न कळता निघून जाई. आणि एखादा तांबडा दोरा आणि घड्याळ घातलेला हात जरा जोरात कागद आपटायचा, तर शिक्का आजचाच बसायचा.

मला तेव्हा ते फार थोर वाटायचं. आज तेवढं वाटत नाही. कारण त्याच वर्षी एका मुलाचा ईबीसीचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच्या फी-सवलतीचा, अर्ज त्यांनी तीनदा परत पाठवला, तलाठ्याचा दाखला चालत नाही, तहसीलदाराचा आण म्हणून. ते नियमानं बरोबरच होतं. पण माझ्यासमोर त्याच आठवड्यात दुसऱ्याचा तलाठ्याचा दाखला चालला होता. त्या मुलाचे हात कसे होते ते मला आठवत नाही. तो चौथ्यांदा आला नाही, एवढं आठवतं. आणि मी आत बसून डिंक लावत होते. 'आता तू आतली' हे शब्द मी कमावले होते आणि ते गमवायची माझी तयारी नव्हती. दोन तास आत बसलेलं माणूस उरलेल्या दिवसभर बाहेर वावरतं तेव्हाही थोडं आतलंच राहतं. स्वच्छतागृहाची किल्ली त्या वर्षी मला मागावी लागली नाही. कार्यालयाच्या बायकांचं वेगळं होतं, मी तिथं जायची. मैत्रिणींना मी हे सांगितलं नाही.

एम.ए.ला मी कोल्हापूरला गेले, शिवाजी विद्यापीठात, आणि तिथं पहिल्यांदा कळलं की शिकायची जागा एवढी ऐसपैस असू शकते. १९६२ साली विद्यापीठ सुरू झालं तेव्हा तो उघडा माळ होता. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्यापासून तिथं झाडं लावणं आणि पाणी अडवणं चालू आहे, असं जुने लोक सांगत. आठशे त्रेपन्न एकर. मुख्य इमारतीसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, मागं तळी, आणि मोर. मोर म्हणजे चित्रातले नव्हेत. तास चालू असताना खिडकीच्या कट्ट्यावर येऊन केकाटणारे. विभागाबाहेर कुठल्याही झाडाखाली बसलं तरी कुणी 'इथं बसू नये' म्हणत नव्हतं. पहिले काही दिवस मला बसताच यायचं नाही. कुणीतरी उठवेल म्हणून मी दगडाच्या कडेवर, निम्मी टेकून बसायची. वाऱ्याला मात्र तिथं सवडच सवड. संध्याकाळी माळावरून असा वारा यायचा की वहीची पानं धरून ठेवावी लागत.

बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात पहिल्यांदा गेले तेव्हा देवघेवीचा उघडा काउंटर समोर होता. जाळी नाही, काच नाही. पलीकडं एक गृहस्थ उभेच होते. मी जवळ गेले, डावा हात कट्ट्यावर ठेवला, मान उजवीकडं कलवली आणि वाकले. ते गृहस्थही माझ्याबरोबर खाली वाकले, जमिनीवर इकडंतिकडं पाहिलं आणि अस्सल कोल्हापुरीत म्हणाले, "काय पडलं काय ओ?" मला इतकं हसू आलं, की पुस्तकाचं नावच विसरले. वसतिगृहावर हा किस्सा मी वर्षभर सांगत होते. सांगताना नेहमी मीच वेंधळी ठरायचे. खिडकीबद्दल कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्या शहराला वसतिगृहांची सवय जुनी. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग सुरू करून दिलं, आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. मुलाला वर्गात बसू द्यायचं तर आधी तो रात्री झोपणार कुठं आणि जेवणार काय, हे बघावं लागतं, ही समज शंभर वर्षांपूर्वीची आहे. मी तिथल्या जुन्या बोर्डिंगांवरून रोज जायचे-यायचे आणि मनात आमच्या कॉलेजचं ते कुलूप यायचं. तोपर्यंत मला ते कुलूप म्हणून दिसायला लागलं होतं.

आणखी एक जागा सांगायची तर नागसेनवन. एका परीक्षेच्या निमित्तानं मी औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेले होते. एक दिवस हाताशी होता म्हणून मिलिंद महाविद्यालय बघायला गेले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये सुरू केलेलं हे कॉलेज. बाबासाहेबांनी परिसराला नागसेनाचं नाव दिलं आणि कॉलेजला मिलिंदाचं. मे महिन्याचं ऊन, सुट्टीमुळं सगळं शांत, झाडांखाली वाळक्या पानांचा चुरा. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, आणि नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारा भिक्खू. कॉलेजला नाव उत्तरं देणाऱ्याचं न देता प्रश्न विचारणाऱ्याचं दिलंय, हे तिथल्या एका बाकावर बसल्यावर ध्यानात आलं. त्या कथेत चर्चेआधी नागसेन राजाला एक अट घालतो: पंडितासारखं बोलणार असशील तर बोलू, राजासारखं बोलणार असशील तर नको. राजा विचारतो, फरक काय? तो सांगतो की पंडितांच्या वादात एकाचं म्हणणं दुसरा खोडतो, चूक दाखवतो, तरी कुणी रागावत नाही; राजाचं म्हणणं खोडलं की शिक्षा होते. भिक्खूनं राजाला सांगायची ही गोष्ट! मला आमच्या मराठीच्या सरांची आठवण झाली आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाची, ज्यानं नोटिशीतला कर्ता शोधला होता. तो पूर्वेकडच्या गाडीचा होता. पुढं तो दिसला नाही.

आता भाचीचं जग वेगळं आहे, असं मी समजून चालले होते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, पैसे थेट खात्यात, प्रवेशाची यादी मोबाइलवर. रात्री अकरा वाजता ती पलंगावर पालथी पडून अर्ज भरते, ही मला चैन वाटते. मग एका रात्री तिचा फोन आला. साइट फिरतेय नुसती, ओटीपी येतोय तो मुदत संपल्यावर येतोय, आणि शेवटची तारीख आज. मी इकडं पुण्यात बसून काय करणार? "उद्या भाऊसाहेबांना..." एवढं बोलले आणि गप्प झाले. तारखेचा पट्टा मागं फिरवणारा अंगठा आता त्या यंत्रात नाही. तलाठ्याचा दाखला एकाचा चालवून दुसऱ्याचा परत पाठवणारा हातही नाही, हेही खरं. पोर्टलला पिवळी नखं दिसत नाहीत आणि घड्याळही दिसत नाही. बाराला पाच मिनिटं कमी असताना अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी कळलं, तो आता कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला अडकलाय, आणि त्याची छापील प्रत, तीन जोडण्यांसह, खिडकी क्रमांक तीनवर नेऊन द्यायची आहे.

मी फोनवर म्हटलं, "मी येऊ का?"

"कशाला?"

"नाही, ती खिडकी..." मी काहीतरी पुटपुटले.

संध्याकाळी तिचाच फोन. प्रत दिली, बोनाफाईडही काढलं, एका फेरीत दोन्ही. मला राहवेना. विचारलं, "वाकलीस का गं?" तर म्हणाली, "नाही, आतच गेले. दार उघडंच होतं." त्या दाराचा मला अंदाज आहे. हिरवा पडदा, वर पितळी कडी, आणि चौकटीवर पाटी: 'परवानगीशिवाय आत येऊ नये'. वर्षभर त्याच दारातून मी गेले-आले. त्याला दिवसा कधी कुलूप नसायचं, हे त्या क्षणी मला पहिल्यांदा आठवलं. "अगं, पण पाटी होती ना?" मी विचारलं. "होती. पण कोणाची परवानगी ते लिहिलंच नव्हतं. मग म्हटलं, जाऊन विचारू." आत गेल्यावर त्या पोरसवद्या क्लार्कनं आधी भुवया वर केल्या, मग बाजूच्या खुर्चीवरच्या फायली उचलून तिला बसायला दिलं. तो स्वतः त्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी निघाला. "त्यानं चहापण विचारला, आत्या."

"आणि काय म्हणाला?"

"म्हणाला, बाहेरून तुम्ही लोक काय बोलता ते आम्हाला खरंच ऐकू येत नाही. पंख्याचा आवाज होतो."

मी हसले. मग विचारलं, बाथरूम कुठं आहे ते बघून ठेवलंस का? ती म्हणाली, नवं झालंय, जिन्याखाली, कुलूप नाही, पण नळाला पाणी दुपारनंतर येत नाही. मी म्हटलं, बाटली ने घरून, आणि पीत जा. ती 'हो गं' म्हणाली, मला लागते तेवढी ती गोष्ट तिला लागली नाही.

रात्री तिनं बोनाफाईडचा फोटो पाठवला. गोल शिक्का निळा, ठसठशीत, प्राचार्यांची सही. नावाच्या जागी तिच्या आडनावाऐवजी तिच्या मधल्या नावातला एक भाग दोनदा छापलेला. खाली तिचा मेसेज: 'चुकलंय. उद्या परत जाते.'